हरभऱ्याएवढा कापूर

आबा, मंगळवारी दवाखान्यात एक कुत्रा आणला होता, त्याच्यापायी हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात भांडले पुष्कळ, पण कागद कधी हातात घेतला नव्हता. तुम्हाला तशी पत्रंही आवडायची नाहीत. आई पलटणीच्या पत्त्यावर चार पानं भरून पाठवायची आणि तुम्ही सुट्टीवर आलात की म्हणायचात, एवढं कशाला लिवायचं, समदं बरं हाय एवढं कळलं की बास. मग आम्हीही तेच करायला शिकलो. तुम्हाला जे ऐकायचं असायचं तेवढंच सांगायचं, बाकीचं गिळून टाकायचं. आता गिळवत नाही म्हणून लिहिते आहे. ऐकून घ्या, नाहीतर नका घेऊ. तुमचा राग आता माझ्यापर्यंत पोचत नाही.

कवठे महांकाळच्या जनावरांच्या दवाखान्यात मला आठ वर्षं झाली. इकडं सगळा कोरडा मुलूख. मेंढरं, शेळ्या, आणि वस्तीवस्तीवर एकेक कारवानी कुत्रा, उंच पायाचा, पोट पाठीला लागलेला. तुम्ही असता तर तुम्हाला इथून हलवणं अवघड झालं असतं. तर मंगळवारी साडेदहाच्या सुमाराला एक पिकअप फाटकातून आत आली. मागच्या हौद्यात कुत्रा, तोंड सुतळीनं आवळलेलं, पाय बांधलेले, आणि सगळ्या अंगाला झटके. मालक तिशीचा असेल. हातात काठी. बायको पुढं बसलेली. तो म्हणाला, कुत्रं पिसाळलंय, सुई देऊन मोकळं करा, घरात लेकरं हायती. वस्तीवरची माणसं काठ्या घेऊन उभीच होती म्हणे. बायकोनं हट्ट धरला म्हणून एवढ्या लांब आणलं. मी हातमोजे चढवून हौद्यापाशी गेले आणि दोन हात लांबूनच मला वास आला. कापूर आणि निलगिरी. बरगडीवर तळहाताएवढी जखम होती, तारेच्या कुंपणानं फाटलेली, आणि भोवतीचे केस तेलानं चिकटून चपटे झालेले. काय लावलंय विचारलं, तर गडी थोडा फुगलाच. घरचंच हाय मॅडम, समदं नैसर्गिक, मोबाईलवर बघून केलंय, केमिकल न्हाई काय त्यात. कापूर किती घातला, म्हटलं. त्यानं बायकोकडं बघितलं. ती खाली बघत म्हणाली, दोन पुड्या. आणि तेल किती? एक कप.

पुढं काय केलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण सांगते, कारण तेव्हा यातलं काहीच आपल्या हातात नव्हतं. आधी झटके थांबवायची सुई दिली. सलाईन लावली. सुतळी कापली, जखमेभोवतीचे केस कापले, आणि साबणाच्या कोमट पाण्यानं ते तेल दोनदा धुऊन काढलं. मालकाला सांगितलं की कुत्रा दहा दिवस आमच्या कोंडवाड्यात एकटा बांधून राहील, आणि घरात ज्याच्या कुणाच्या हाताला ओरखडा असेल आणि कुत्र्यानं तिथं चाटलं असेल त्यानं आजच्या आज दवाखान्यात जाऊन लस घ्यायची, कारण या बाबतीत अंदाजावर कुणी जात नाही. संध्याकाळी पाच वाजता कुत्र्यानं मान वर केली आणि पाणी प्यायलं. मालक हसायला लागला.  तो हसला आणि माझं डोकं फिरलं. लाज वाटती का, म्हटलं, हातात फोन आला म्हणून डागदर झालास व्हय रं. तेल अंगाला लावलं म्हणजे अंगावरच राहतंय का? त्याला जीभ हाय का न्हाई? आमचा शिपाई कामावरून उठून बघायला आला, कारण मी अशी कधी बोलत नाही. तो आवाज माझा नव्हता, आबा, तुमचा होता. मग औषधांच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले.  कुठला कुत्रा आठवला असेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचं तेल मला अजून डोळे मिटून करता येईल. निवृत्त होऊन तुम्ही घरी आलात तेव्हा मी सहा वर्षांची होते. वीस वर्षं पलटणीतल्या कुत्र्यांबरोबर काढलेला माणूस, घरात बसून करणार काय. महिन्याभरात तुम्ही आईच्या चुलीवर ताबा मिळवला. आई बिचारी भाकरीचं पीठ मळून वाट बघत बसायची आणि तुम्ही छोट्या लोखंडी कढईत करंजाचं तेल तापवत असायचात. निम्मं करंजाचं, निम्मं खोबरेल, त्यात सांगलीहून आणलेल्या हळकुंडाची घरी कुटलेली पूड, मंद आचेवर, फेस बसेपर्यंत. सगळ्या घराला तो कडवट वास. खाली उतरवून गार झाल्यावर शेवटी कापूर, एका वाटीला हरभऱ्याएवढा. तो तुम्ही दोन बोटांत धरून मला दाखवायचात. बघ, एवढाच. मी विचारायची, जास्त घातला तर? तुम्ही म्हणायचात, एवढाच म्हंजी एवढाच. का एवढाच, हे तुम्ही सांगितलं असतं तर काय झालं असतं, आबा? तुम्हाला बहुतेक ठाऊकच नव्हतं. तुमच्या उस्तादानं सांगितलं एवढाच, तुम्ही घातला तेवढाच. पलटणीत कारण विचारत नाहीत. पण मी पलटणीत नव्हते, मी तुमची पोरगी होते.

कुत्र्यांशी मात्र तुम्ही किती बोलायचात. कोरेगाव बाजूच्या चार गावांतून लोक कुत्री घेऊन यायचे. शिकारीत फाटलेली, एकमेकांना चावून घेतलेली, खरूज होऊन कातडं निघालेली. तुम्ही गुडघ्यावर बसायचात, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचात, आणि अनोळखी कुत्रा मान टाकून द्यायचा. आधी केस कापायचे. मग उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, आणि कापसाच्या बोळ्यानं कडेकडेनं आत, पातळ. मग अर्धा तास त्याच्याजवळ बसून राहायचं, तेल मुरेपर्यंत चाटू द्यायचं नाही. अर्धा तास तुम्ही त्याच्या मानेवरून हात फिरवत असायचात. मी समोर बसून तो हात बघायची. माझ्या डोक्यावरून तो एकदाही फिरला नाही, खोटं सांगत नाही. सातवीत असताना माझ्या हातून तेलाची बरणी सांडली तेव्हा तुम्ही मला पिठ्ठू लावला. पाठीवर दप्तर, दप्तरात दोन विटा, आणि उसाच्या फडाला दहा फेऱ्या. मुलीच्या जातीला असं करू नका म्हणून आई रडत होती, आणि तुम्ही बांधावर उभे राहून फेऱ्या मोजत होता. आठव्या फेरीला मी पडले. तुम्ही म्हणालात, अजून दोन ऱ्हायल्यात. लोक म्हणायचे तुझा बाप लय मायाळू हाय, जनावराला किती जपतो. मी म्हणायची, व्हय.

पुढच्या वर्षी, मी आठवीत असताना, रानडुकरानं आपल्या कुत्र्याला फाडलं. त्याचं नाव मी त्या दिवसापासून घेतलेलं नाही, इथंही घेत नाही. तुम्ही त्याला दोन महिन्यांचा असताना जतच्या बाजारातून अंगरख्यात गुंडाळून आणला होता. मांडीपासून कुशीपर्यंत जखम. आठवडाभर तुम्ही त्याच्याशेजारी अंगणात बसून होता. चाटू नये म्हणून फुटक्या बादलीचा तळ कापून त्याच्या गळ्यात अडकवला होता. मग सांगलीला तुमच्या पलटणीतल्या दोस्ताच्या मुलीचं लग्न आलं. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. निघताना तुम्ही मला अंगणात सरळ उभं केलंत आणि म्हणालात, दोन दिस ह्येची ड्यूटी तुझी. आठवतंय का तुम्हाला? माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला काहीतरी सोपवलं होतं. एस.टी. वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी तशीच सरळ उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जखमेत अळ्या दिसल्या. पांढऱ्या, वळवळणाऱ्या, खोल आत. तुम्ही संध्याकाळी येणार होता. तुम्ही येऊन त्या बघितल्या असत्या तर माझं काय झालं असतं, हे एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईला सांगितलं तर ती चुलीपुढून म्हणाली, कापूर टाक म्हणजे भाईर पडत्याल. ती चुकीचं बोलली नाही. तुम्ही करून ठेवलेलं तेल वाटीत काढलं, देव्हाऱ्यातली आरतीच्या कापराची पुडी घेतली आणि अख्खी वाटीत चुरली. हरभऱ्याएवढा मला ठाऊक होता. पण हरभऱ्याएवढ्यानं संध्याकाळपर्यंत काय होणार होतं? ते तेल मी जखमेत ओतलं. पातळ नाही, बोळ्यानं नाही, ओतलं. आणि अळ्या खरंच बाहेर पडल्या, आबा. मी चिमट्यानं एकेक वेचून काढली. एवढा आनंद मला त्याआधी झाला नव्हता. तुम्ही आलात की काय म्हणाल, तेच ऐकत मी तिथं बसले होते. तो बादलीतून माझ्याकडं बघत होता, पाण्याच्या भांड्यात तोंड जाईना म्हणून कण्हत होता. मला त्याची दया आली. मी बादली काढली आणि शाळेला गेले.

दुपारच्या सुट्टीत घरी आले तर तो भिंतीला अंग घासत चालत होता. जखम चाटून कोरडी केलेली. तोंडातून लाळ, मान एका बाजूला ओढलेली. मी जवळ गेले तर त्याच्या श्वासाला कापराचा वास येत होता. मग तो पडला आणि त्याला आकडी आली. एक थांबली की दुसरी. शेजारपाजारची माणसं जमली, कुणीतरी म्हणालं पिसाळलं, आणि एकदा तो शब्द बाहेर पडला की पुढं काय होतं ते आपल्याकडं सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या हातात काठी आली. तेवढ्यात दुपारचीच एस.टी. धरून तुम्ही आलात, अंगावर लग्नाचा सदरा, हातात बुंदीची पिशवी. दहा पावलांवर उभे राहून तुम्ही त्याच्याकडं बघत राहिलात. मग माझ्याकडं वळलात. पाणी पितंय का, म्हणालात. मी म्हटलं, न्हाई. मग तुम्ही विचारलंत, तेल कंचं लावलं?

"तुमचंच," मी म्हटलं. "तुमी करून ठेवल्यालं."

एवढंच वाक्य. त्या वाक्यावर तुम्ही सगळं ठरवलंत. तुमच्या तेलानं असं होणं शक्य नव्हतं, म्हणजे कुत्रा पिसाळला होता. तुम्ही लोकांना काठ्या खाली ठेवायला लावल्या. माझं कुत्रं हाय, मीच बघीन, म्हणालात, आणि घरात जाऊन परवान्याची बंदूक घेऊन आलात. मी तुमच्या आणि त्याच्या मधे येऊ शकले असते. मी कणगीच्या मागं जाऊन कान झाकले. आवाज झाला, मग दुसरा झाला नाही. तुम्ही स्वतः खड्डा खणलात, कुणाला फावडं लावू दिलं नाहीत. त्या दिवशी दिवे लागायच्या आत सगळं संपलं होतं. आईनं दिवाबत्तीला देव्हारा उघडला तेव्हा कापराची पुडी जागेवर नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून नवी पुडी आणून तिथं ठेवली. तिला ठाऊक होतं, आबा. तुमच्या घरात तुम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मग आपण तिघांनीही साताऱ्याला सरकारी दवाखान्यात सुया घेतल्या. तेव्हा चौदा असायच्या, बेंबीभोवती, रोज एक. पोट दगडासारखं व्हायचं. ते तुम्ही बरोबरच केलंत, आज माझ्यापुढं कुणी आलं तर मीही तेच सांगेन. पण मी रोज त्या बाकावर बसून सुई घेत होते आणि मला माहीत होतं की आपल्या तिघांनाही काही झालेलं नाही. परतीच्या एस.टी.त तुम्ही खिडकीतून बाहेर बघत एकच म्हणायचात, माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई. चौदा दिवस. आठवडाभर त्याच्या उशाशी बसलो, त्याच्या तोंडात हात घातला, डोळं बघितलं, आणि माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई. एका दिवशी तरी मी सांगू शकले असते. सातव्या सुईला मी तोंड उघडलंही होतं. तुम्ही वळून बघितलंत आणि मी म्हटलं, पोट दुखतंय.

त्यानंतर तुम्ही तेल केलं नाहीत. लोक कुत्री घेऊन यायचे, तुम्ही दारातूनच परत पाठवायचात. आता मला कळत न्हाई त्यातलं, जावा सरकारी डागदराकडं. कढई न्हाणीच्या चुलीजवळ पडली, आई तिच्यात राख भरायची. पुन्हा कुत्रा आणला नाहीत. ज्या हाताचा मला एवढा हेवा वाटायचा तो हात तुम्ही खिशात घालून पारावर बसू लागलात. आणि एक सांगू? तुमची मला दया आली नाही. राग आला. राग येतो अजून. दहा दिवस, आबा. दहा दिवस बांधून ठेवायचं असतं. पिसाळलेलं असेल तर ते आपोआपच जातं, नसेल तर पाणी पितं, जसं मंगळवारी त्यानं प्यायलं. एवढी वीस वर्षं कुत्र्यांत काढली, तुम्हाला एक रात्र धीर धरवला नाही. चारचौघं बघत होते म्हणून? आणि त्याहून मोठा राग याचा, की तेरा वर्षांच्या पोरीला आपल्या बापाला खरं सांगण्यापेक्षा कुत्रा मेलेला परवडला. अशी दहशत घरात कोण घालून ठेवतं? मी चुकले. चूक माझी. पण खोटं बोलायला मला कुणी शिकवलं ते तुम्ही स्वतःला विचारा.

डॉक्टर मी तुमच्या हौसेनं झाले असं गावात समजतात. खरं तर कापरानं त्याला नेमकं काय केलं, याचं उत्तर मला हवं होतं. तिसऱ्या वर्षाला विषबाधा शिकवायला सुरुवात झाली. सरांनी फळ्यावर लिहिलं, कापूर, कुत्रा, आकडी, आणि पुढं शिकवत गेले. मी वही बंद करून बाहेर पायरीवर बसले. त्याआधी, पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर जाताना, तुम्ही मला तुमची बाकदार कात्री दिली होतीत, केस कापायची, पलटणीतली. वर्तमानपत्रात गुंडाळून. नुसती हातात कोंबलीत आणि गोठ्याकडं गेलात. तिला धार लावून घेतली होती, नवा स्क्रू बसवला होता. मला वाटलं होतं ती तुम्ही कधीच टाकून दिली असेल. ती घेऊन एस.टी.त बसले आणि कराड येईपर्यंत रडले.

आता दुसऱ्या वेळेचं सांगते, साताऱ्याच्या हॉस्पिटलातलं. तुमचं यकृत गेलं होतं, तुम्हाला कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं पण तुम्ही ओळखलं होतं. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, सुट्टी काढून तुमच्या उशाशी होते. आई घरी डबा करायला गेली होती. दुपारी सिस्टर सलाईन बदलायला आली तर तुम्ही तिला म्हणालात, ही माझी लेक, जनावरांची डागदर हाय, हात माझा उचललाय हिनं. सिस्टर म्हणाली, हो का आजोबा. तुम्ही म्हणालात, माझ्यापरीस चांगला. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले, कारण तुमच्यासमोर रडायची सवय नव्हती. सत्तावीस वर्षांची होते मी. सत्तावीस वर्षं लागली तुम्हाला ते म्हणायला. सिस्टर गेली. पंखा फिरत होता. तुम्ही डोळे मिटलेत, मला वाटलं डोळा लागला. मग तुम्ही माझ्याकडं न बघताच विचारलंत.

"तू आता शिकल्यालीस. खरं सांग. त्यो पिसाळला व्हता का?"

"व्हय आबा. पिसाळलाच व्हता. तुमी केलं ते बराबर केलं."

तुम्ही छताकडं नजर वळवलीत. "मग झालं," म्हणालात. चार दिवसांनी गेलात. मातीला आलेल्या माणसांना आई सांगत होती, शेवटी शांत गेले. मीही मान हलवत होते. पुढं लग्नानंतर नवऱ्याला मी हे सगळं एकदा सांगितलं तर तो म्हणाला, तू त्यांना सुखानं जाऊ दिलंस, चांगलं केलंस. मरणाऱ्या माणसाला आपल्या हातानं न पिसाळलेला कुत्रा मारला हे कशाला सांगायचं? मी तेच धरून बसले. इतकी वर्षं हेच मला पुरत आलं. मंगळवारी त्या कुत्र्यानं पाणी प्यायलं आणि ते पुरेना.

आई आता माझ्याजवळच असते. पलीकडच्या खोलीत मालिका लावून बसली आहे. मघाशी आत डोकावून म्हणाली, एवढं काय लिहिती गं, कुणाला? मी म्हटलं, दवाखान्याचं हाय. बघा, अजून तेच. हा कागद मी कुठं धाडणार आहे, गावच्या घराला कुलूप आहे आणि तुमच्या नावानं आता लाइटचं बिलही येत नाही. दवाखान्याच्या कपाटात जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यात सरकवून देईन. मेलेल्या माणसाला खरं सांगायला काही लागत नाही हे मला कळतं.

तरी एक राहिलं, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पहिल्यांदा मी तुम्हाला भिऊन खोटं बोलले. दुसऱ्यांदा मला तुमची भीती नव्हती, तुम्हाला कूसही बदलता येत नव्हती. तुमच्या मनाला शांती मिळावी म्हणूनही नाही. तुम्हाला खरं ऐकायचं होतं, म्हणून तर विचारलंत. आठवडाभर उशाशी बसून तुमच्या ध्यानात काही आलं नाही कारण यायला काही नव्हतंच, तुमचा हात चुकला नव्हता, एवढं ऐकलं असतंत तर कुत्र्याच्या दुःखातही तुम्हाला तुमचं काहीतरी परत मिळालं असतं. ते मला तेव्हाही समजत होतं. पण तुम्ही नुकतंच सिस्टरला सांगितलं होतं, माझ्यापरीस चांगला. पुडीचं सांगितलं असतं तर ते तुम्ही परत घेतलं असतंत. आबा, मला ते सोडवलं नाही.